'रन'चं धावतं वर्णन

इंग्रजीत सर्वांत जास्त अर्थ असलेला शब्द कोणता, या प्रश्नाचं उत्तर कित्येक वर्षं 'सेट' हे होतं. गिनेस बुकात ते छापलेलं असायचं, प्रश्नमंजूषेत विचारलं जायचं आणि ज्याला ते आधीच ठाऊक असायचं तो चारचौघांत भाव खाऊन जायचा. १९८९ साली ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीची दुसरी आवृत्ती वीस खंडांत निघाली. तिच्यात 'सेट' या एवढ्याशा क्रियापदाचे ४३० अर्थ होते आणि ते समजावून सांगायला साठ हजार शब्द खर्ची पडले होते. तेवढ्यात एखादी बऱ्यापैकी कादंबरी उरकते, शेवटी नायक-नायिकेचं लग्नही लागतं.

२०११ साली 'सेट'ची गादी गेली. ऑक्सफर्डच्या कोशकारांनी 'रन'ची नोंद नव्याने लिहून काढली, तेव्हा त्याचे अर्थ भरले ६४५. तेही नुसत्या क्रियापदाचे. क्रिकेटमध्ये काढतात तो रन, बँकेवर येतो तो रन, ही सगळी नामं. त्यांचं बिऱ्हाड कोशात वेगळं आहे.

हे काम पीटर गिलिव्हर या कोशकारांनी केलं आणि त्यांना त्यासाठी नऊ महिने लागले. नऊ महिने म्हटल्यावर मराठी वाचकाच्या मनात जे येतं ते लिहायची गरज नाही. कळाही बहुधा तशाच आल्या असतील, कारण अशा शब्दाचा पहिला अर्थसुद्धा सुखासुखी हाती लागत नाही. रन म्हणजे धावणं, म्हणजे पायांनी भरभर जाणं, असं लिहून मोकळं व्हावं, तर भरभर चालणारा माणूस रमतगमत धावणाऱ्याला सहज मागे टाकतो. म्हणजे फरक वेगाचा नव्हेच. फरक असा, की धावताना मध्येच एक क्षण दोन्ही पाय जमिनीवरून सुटलेले असतात. चालताना एक तरी टेकलेला असतो. ऑलिंपिकमधल्या चालण्याच्या शर्यतीत पंच वाकून वाकून स्पर्धकांचे पाय बघत असतात ते याचसाठी (आणि गुडघा वाकतोय का, हे पाहण्यासाठी). एवढा कीस पाडल्यावर पहिला अर्थ मार्गी लागतो. मागे ६४४ जण रांगेत उभे.

त्यांतल्या काहींची गाठ घ्यायला एखाद्या काल्पनिक लंडनकराचा एक दिवस पुरे. गृहस्थ सकाळी उठतो आणि टबात आंघोळीचं पाणी 'रन' करतो. सर्दीने नाक 'रन' होतंय. अंगात कणकण आहे, तीही तो 'रन' करतोय. काल लाल मोजे पांढऱ्या सदऱ्यांबरोबर धुतले गेल्याने मोज्यांचा रंग 'रन' झाला आहे आणि सगळे सदरे गुलाबी निघाले आहेत. त्यावरून बायको जे बोलते त्यात नवल नाही. तापट स्वभाव तिच्या माहेरी पिढ्यान्‌पिढ्या 'रन' होत आलाय. गृहस्थ बाहेर पडतो. दर दहा मिनिटांनी 'रन' होते असं जिच्याबद्दल पाटीवर लिहिलंय, ती बस पंचवीस मिनिटांनी येते. तिच्यात पेपर उघडतो, तर आपल्याच कंपनीची बातमी पहिल्या पानावर 'रन' केलेली. कंपनी सासरे 'रन' करतात, बिलं 'रन अप' झाली आहेत, पैसे 'रन आउट' होत आलेत आणि जोखीम 'रन' करायला कुणी तयार नाही. दुपारी एक जुना मित्र 'रन इन्टू' होतो, म्हणजे वाटेत भेटतो. 'रन ओव्हर' झाला असता तर पोलीस आले असते. संध्याकाळी दोघं 'द माउसट्रॅप' बघायला जातात. अगाथा ख्रिस्तीचं हे नाटक लंडनमध्ये २५ नोव्हेंबर १९५२ पासून 'रन' होतंय. करोनाने २०२० साली थांबवलं, एरवी कुणाला जमलं नव्हतं. रात्री गृहस्थ अंथरुणाला पाठ टेकतो. दिवसभरात तो एक पाऊलही धावलेला नाही.

साध्या शब्दांचा हा उपद्रव जुना आहे. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ साली आपला प्रसिद्ध कोश छापला तेव्हा प्रस्तावनेत या जमातीबद्दल रीतसर गाऱ्हाणं मांडलं: कम, गेट, गिव्ह, गो, पुट, सेट, रन, मेक, टेक. हे शब्द इतके सैल वापरले जातात, की त्यांचा माग काढता काढता नाकी नऊ येतात, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ. एकट्या 'टेक'चे त्यांनी सव्वाशेहून जास्त अर्थ दिले. बाकी जॉन्सन हे कुणाची भीड ठेवणारे गृहस्थ नव्हते. पण या तीन-चार अक्षरी टवाळांपुढे त्यांनीही हात टेकले.

ऑक्सफर्डच्या कोशाला तर या बाबतीत पहिल्याच पायरीवर ठेच लागली. जेम्स मरे यांनी १८७९ साली संपादकपद घेतलं तेव्हा काम दहा वर्षांत संपेल, असा अंदाज होता. पाच वर्षांनी पहिला भाग छापून झाला तो 'अँट' या शब्दापर्यंत. अँट म्हणजे मुंगी, त्यामुळे कामाच्या गतीचा अंदाजही त्यातच आला. (संपूर्ण कोश व्हायला १९२८ उजाडलं; मरे १९१५ सालीच वारले.) कोशासाठी हजारो हौशी वाचक जुनी पुस्तकं वाचून, त्यांतली वाक्यं चिठ्ठ्यांवर उतरवून पाठवत. मरे यांची मुलं खाऊच्या पैशांसाठी त्या चिठ्ठ्या लावायला बसत. पण आधीच्या काळात जमलेल्या चिठ्ठ्या उघडल्यावर मरे यांनी कपाळाला हात लावला. 'अब्यूजन' या कुणीही न वापरणाऱ्या शब्दाच्या चिठ्ठ्या पन्नासएक. आणि 'अब्यूज' या रोजच्या शब्दाच्या पाचसुद्धा नाहीत!

यात वाचकांचा दोष काढता येणार नाही. पुस्तक वाचताना माणूस अडतो तो अनोळखी शब्दापाशी. आपल्याकडे धड्याच्या शेवटी 'कठीण शब्दार्थ' छापतात, त्यात 'औदासीन्य' असतं, 'काढणे' कधी नसतं. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर ज्या पिढ्या इंग्रजी शिकल्या, त्यांतल्या कैकांना मोठमोठे लॅटिन वळणाचे शब्द मुखोद्गत असायचे. अर्जविनंत्या ते अशा लिहीत, की साहेबालाच कोश उघडावा लागे. आणि 'टेक ऑफ', 'टेक इन', 'टेक आफ्टर' समोर आले की याच विद्वानांची बोलती बंद. मरे यांना पुढे वाचकांना मुद्दाम विनवावं लागलं, की कृपा करून साधे शब्दही टिपा.

हे असं का होतं, याचं एक उत्तर जॉर्ज किंग्सली झिफ या अमेरिकन अभ्यासकाने १९४५ साली मांडलं. शब्द जितका जास्त वापरात, तितके त्याला अर्थ जास्त. आणि हे नातं त्याने जवळजवळ गणितात बसवलं. वापर शंभर पटींनी वाढला, तर अर्थ साधारण दहा पटींनी वाढतात. थोडक्यात, जो नाही म्हणत नाही त्याच्यावर कामं येऊन पडतात. ज्याने कधी सरकारी कचेरीत नोकरी केली आहे, त्याला हा नियम झिफशिवायही कळलेला असतो.

आता 'सेट' आणि 'रन' यांच्या शर्यतीकडे वळायचं, तर ती शर्यत सरळ झाली नाही, असं नोंदवून ठेवायला हवं. कोशाच्या तिसऱ्या आवृत्तीचं काम २००० सालच्या मार्च महिन्यात इंटरनेटवर दिसू लागलं, तेव्हा संपादकांनी 'ए'पासून सुरुवात केलीच नाही. मरे आणि मंडळींचा हात सुरुवातीच्या अक्षरांत पुरता बसला नव्हता, म्हणून नव्या संपादकांनी घडी बसल्यानंतरचा मजकूर आधी घेतला आणि 'एम'ने आरंभ केला. पहिल्या हप्त्याचा शेवटचा शब्द होता 'महुरत', म्हणजे आपला मुहूर्त, हिंदी सिनेमावाले नारळ फोडतात तो. ऑक्सफर्डला हे कुणी पंचांग बघून सुचवलं नसावं, पण जुळून आलं खरं. 'एम'नंतर ओळीने पुढे जाताना आधी 'मेक' फुगला, मग 'पुट' फुगला आणि २०११ साली 'आर'मधला 'रन' सगळ्यांच्या पुढे निघून गेला. 'सेट'चा नंबर तोवर आलेलाच नव्हता. त्याचा मजकूर मुळात हेन्री ब्रॅडली यांच्या हाताखाली, पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे तयार झालेला. दुसऱ्या आवृत्तीत त्यावर फक्त ठिगळं लावली होती. म्हणजे एका धावपटूची वजन-मापं आजची, दुसऱ्याची आजोबांच्या काळातली. निकाल लागला तो असा.

सायमन विंचेस्टर या लेखकाने मात्र यातून मोठा सिद्धांत काढला. ऑक्सफर्ड कोशाच्या जन्मकथेवर त्यांनी पुस्तकं लिहिली आहेत, तेव्हा त्यांचं म्हणणं वाऱ्यावर सोडता येत नाही. त्यांच्या मते हा बदल युगाचा आहे. 'सेट' आणि 'पुट' हे ठेवण्या-मांडण्याचे शब्द, बसक्या काळाचे. मग यंत्रं आली, आगगाड्या आल्या, कारखाने, मोटारी, शेवटी संगणक. ही सगळी प्रजा 'रन' होणारी, म्हणून 'रन' वाढत गेला. सिद्धांत देखणा आहे आणि त्यात तथ्यही आहे. आगगाडीपूर्वी वेळापत्रकावर 'रन' होण्यासारखं जगात होतं तरी किती? पण वर्णमालेचा क्रम उलटा असता आणि 'सेट' आधी तपासला गेला असता, तर हाच सिद्धांत कदाचित 'सेट'च्या नावाने मांडावा लागला असता: टीव्ही सेट, माइंडसेट, डेटासेट वगैरे दाखले देऊन. (ही नामं आहेत हे मान्य, पण सिद्धांताच्या घाईत एवढं कोण बघतो?)

युगाचं राहू द्या, देशादेशांतला फरक तरी निश्चित दिसतो. निवडणुकीत ब्रिटनमधला उमेदवार 'स्टँड' होतो आणि अमेरिकेतला 'रन' होतो. एक उभा, दुसरा धावतोय. अमेरिकेत तर जो खुर्चीवर बसलेला असतो, तो 'सिटिंग' अध्यक्षही पुन्हा 'रन' होतो आणि सोबत उपाध्यक्षपदासाठी एक 'रनिंग मेट' घेतो. मराठी उमेदवार इंग्रजांप्रमाणे उभा राहतो, पण नंतरची कसरत अस्सल इथली. उभा राहिलेल्याला बसवतात. जो बसत नाही, त्याला पाडतात. जो पडत नाही, तो निवडून येतो. आणि निवडून आलेल्यांना मग पळवतात. एवढ्या शारीरिक हालचाली अमेरिकन निवडणुकीत नाहीत.

ब्रिटिशांच्या उभं राहण्याच्या हौसेचा नमुना २००७ सालच्या सप्टेंबरात दिसला. नॉर्दर्न रॉक ही बँक अडचणीत आल्याची बातमी फुटली आणि ठेवीदार पैसे काढायला लोटले. बँकेवर असा 'रन' ब्रिटनमध्ये शंभराहून अधिक वर्षांत झाला नव्हता. जगभरच्या वाहिन्यांनी तो दाखवला. चित्रात होतं काय? फुटपाथवर लांबच लांब रांग, रांगेत कोट घातलेली म्हातारी माणसं, कुणाच्या हातात कॉफी, कुणी घडीची खुर्ची घेऊन आलेलं. धावणारा एकही नाही.

या पसाऱ्याला वैतागून इंग्रजी भाषेचंच कुटुंबनियोजन करायचा प्रयत्नही झाला. केंब्रिजच्या सी. के. ऑग्डेन यांनी १९३० साली 'बेसिक इंग्लिश' काढलं: फक्त ८५० शब्द, आणि त्यांत क्रियापदं अवघी अठरा. कम, गेट, गिव्ह, गो, कीप, लेट, मेक, पुट, सीम, टेक आणि अशीच आणखी. 'रन'ला क्रियापद म्हणून प्रवेश मिळाला नाही. नाम म्हणून मागच्या दाराने घेतला. परदेशी माणसाचं ओझं हलकं करायचा ऑग्डेन यांचा हेतू सच्चा होता. पण जॉन्सन यांनी ज्यांच्या नावाने बोटं मोडली होती, नेमके तेच नग त्यांनी ठेवून घेतले. घरातली सगळी भांडी माळ्यावर टाकून एका कढईत भात, आमटी, चहा, खीर करायला सांगावं, तसं झालं. शब्द कमी झाले, अर्थ तेवढेच राहिले. म्हणजे दर शब्दामागे अर्थांचा भार वाढला. 'एंटर' म्हणायचं नाही, 'गो इन' म्हणायचं. 'टॉलरेट' नाही, 'पुट अप विथ'. शब्द तिन्ही पाठ असले तरी 'पुट अप विथ'चा अर्थ सहन करणं होतो, हे कुठल्या तर्काने कळणार?

विन्स्टन चर्चिल यांना मात्र ही कल्पना फार आवडली. १९४३ साली हार्वर्डमध्ये भाषण करताना त्यांनी तिची जाहीर तरफदारी केली. त्यावर रूझवेल्ट यांनी पत्रातून काढलेला चिमटा प्रसिद्ध आहे. १९४० साली पंतप्रधान झाल्याबरोबर चर्चिल यांनी देशाला रक्त, कष्ट, अश्रू आणि घाम देऊ केला होता. रूझवेल्ट म्हणाले, हेच बेसिक इंग्लिशमध्ये सांगायचं तर रक्त, काम, डोळ्यांचं पाणी आणि तोंडावरचं पाणी म्हणावं लागलं असतं. मग इतिहासाचं काय झालं असतं?

रूझवेल्ट यांचं दुखणं समानार्थी शब्दांचं होतं आणि त्याचे डॉक्टर पीटर मार्क रॉजे. डॉक्टर अक्षरशः; पेशाने ते वैद्यच. शब्दांच्या याद्या करायचा नाद त्यांना १८०५ पासून होता. १८५२ साली, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी त्यांनी आपला थिसॉरस छापला. इंग्रजीत धावण्याला किती शब्द! स्प्रिंट, जॉग, डॅश, बोल्ट, ट्रॉट, गॅलप. उंदीर 'स्करी' करतो, लहान मूल 'स्कँपर' करतं. कोण धावतंय, कशासाठी आणि अंगावर किती चरबी घेऊन, हे सगळं त्या एका शब्दातून कळतं.

या खात्यात मराठीही काही कमी नाही. दुडूदुडू, तुरुतुरु, लगालगा, सुसाट, चौखूर, वाट फुटेल तिकडे. पळून जाणाऱ्यासाठी तर राजेशाही व्यवस्था आहे: तो धूम ठोकतो, पळ काढतो, सूंबाल्या करतो, सोंगट्यांच्या डावातून आलेला पोबारा करतो. भाषण लांबलेल्या सभेतून काढता पाय घेतो. चोराला तो घेता येत नाही, त्याला दोन्ही पाय ढुंगणाला लावावे लागतात. इंग्रजी 'रन' दोन्ही दिशांना जातो. मराठीने वाटण्या करून ठेवल्या आहेत. धावणाऱ्याच्या पुढे काहीतरी असतं, पळणाऱ्याच्या मागे. म्हणून संकटात देव धावून येतो. देव पळत आला म्हटलं, तर त्याच्या मागे कोण लागलंय, असा प्रश्न पडेल. अर्थात हा नियम शहरातला. खेड्यापाड्यांत पोलीसभरतीची तयारी करणारी पोरं पहाटे डांबरी रस्त्याने 'पळायला' जातात, आणि त्यांच्या मागे कुणीही नसतं, फार तर एखादं कुत्रं.

पण त्या लंडनकर गृहस्थाचा दिवस मराठीत आणायला बसलं, की एक गंमत ध्यानात येते. त्याचं नाक गळेल, रंग जाईल, पाणी सोडलं जाईल, पैसे संपत येतील. एकही 'धावणार' नाही. आणि इंग्रज जिथे दुकान, यंत्र, संस्था, नाटक सगळं धावतं ठेवतो, तिथे मराठी माणूस ते चालवतो. दुकान चालतं, घड्याळ चालतं, वर्ग चालतात, खटला चालतो आणि चालतच राहतो. कुणाचं डोकं चालतं, कुणाची नुसती जीभ. घर चालतं, सरकार चालतं, आणि कशालाही होकार द्यायचा तर 'चालेल'. अपवाद फक्त मुंबईच्या लोकलचा, ती धावते. म्हणून तर पावसाळ्यात दोन स्टेशनांच्या मध्ये अर्धा तास खिळून उभ्या असलेल्या डब्यात उतारूंच्या कानावर येतं, की गाड्या वीस मिनिटं उशिराने धावत आहेत.

तरीही अर्थांच्या संख्येत मराठीने कुणाला उतरवायचंच ठरवलं, तर ते 'चालणे' नसेल, 'लागणे' असेल. भूक लागते, झोप लागते, उचकी लागते, ठेच लागते. आंबा गोड लागतो. आग लागते, नजर लागते, नाद लागतो, नोकरी लागते, निकाल लागतो, शिस्त लागते आणि तिच्यापायी वाट लागते. पुण्याहून साताऱ्याला जाताना मध्ये शिरवळ लागतं. आणि लग्नघरी कुणीतरी विचारतं, 'हे तुमचे कोण लागतात?' ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतले कॅप्टन जेम्स मोल्सवर्थ कँडी बंधूंच्या आणि शास्त्रीमंडळींच्या मदतीने मराठी-इंग्रजी कोश करायला बसले, तेव्हा असल्या शब्दांशी त्यांना झुंजावं लागलं. कोश १८३१ साली निघाला, वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली. साहेबांचं नशीब चांगलं. त्यांच्या वेळी फोन लागत नव्हता आणि पिक्चरही लागत नव्हता.